जी आधी ओ देईल ती

फार जुनी गोष्ट नाही, पण त्या यंत्रात आता कुणालाच ती आठवत नाही. एका गावच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये, एका चिपमध्ये, पहारेकरी राहत असे. सगळ्यांच्या आधी जागा होऊन तो हाक मारी. जी डिस्क आधी ओ देईल, तिचं नाव त्या दिवसापुरतं 'पहिली'.

वर्षानुवर्षं तिथे एकच म्हातारी डिस्क होती. अख्ख्या गावाचं दुखणंखुपणं तिच्या पोटात होतं.

एकदा शेजारी नवी कोरी डिस्क बसवली. नवी ती दुसरीच असणार, असं धरून कुंदाताई नर्सने कॉम्प्युटरला हुकूम दिला, "वापरायच्या आधी दुसरी पुसून घ्या."

सकाळी हाक आली. नवीने चटकन ओ दिली. म्हातारी घरघरत उठली.

"ही पहिली. आजी, तुम्ही दुसरी."

"अरे, काल मी पहिली होते! माझ्या अंगावर नंबर कोरलाय, तो तरी वाच."

"अंगावरचं वाचत बसलो तर दवाखाना उघडायचा कधी? आजवर माझी चूक झालीय का?"

"आजवर मी एकटीच होते रे."

तेवढ्यात पुसणारा प्रोग्राम आला. "दुसरी कोण?"

पहारेकऱ्याने बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने झटकन ओ दिली. जड असं तिच्यात काही उरलंच नव्हतं.

"आज तुम्ही पहिली, आजी! मिळालं ना नाव परत?"

बाहेर एक बाळ तापाने फणफणत होतं. कुंदाताई घाईघाईने विचारत होती, "याला कुठलं औषध चालत नाही म्हणून लिहिलं होतं?"

पहिलीने आपलं कोरं पान पुढे केलं.