स्वतःचा घाणा

त्या राज्यात तेल भरपूर होतं आणि बैलांच्या वाट्याची पेंड दर वर्षी कमी होत होती. राजवाड्याच्या घाण्यावर फिरणाऱ्या बैलांना आधार होता तो खुंट्याचा. बापाचा खुंटा पोराला मिळे. मात्र एकदा सोडलेला खुंटा पुन्हा मिळत नसे.

पेंडीवरून कुरकुर वाढली तेव्हा राजवाड्यानं दवंडी पिटवली, की ज्याला पुरत नसेल त्यानं रडत बसू नये, स्वतःचा घाणा घालावा. पहिला गेला भिंगऱ्या. पुढच्या सणाला तो गोठ्यावरून मिरवत गेला, तेव्हा त्याच्या शिंगांवर पितळी शेंब्या होत्या. सगळा गोठा वाहवा म्हणाला. त्याच्या शेजारच्या खुंट्यावर जन्म काढलेल्या हरण्याला मात्र त्या दिवशी घास गिळवेना. अंगावरची माशी वारायचा ज्याला कंटाळा, त्याच्या शिंगांना पितळ!

"अहो, आपलं काय वाईट चाललंय?" त्याची गाय म्हणाली. "वर्षभरात आपलं वासरू या खुंट्याला लागेल."

"आणि तोवर मी इथे त्या भिंगऱ्याचं कौतुक ऐकत रवंथ करू?"

"उगाच जळू नका."

"मी? मी जळतोय?" हरण्या उसळला आणि सकाळी खुंटा सोडून आला. जळतच होता, दुसरं काय!

भिंगऱ्याच्या कुंपणाला लागूनच त्यानं घाणा घातला. आता डोळ्यांवर झापडं नाहीत, याचंच त्याला कोण अप्रूप! पण सगळा जन्म झापडांत गेलेला. उघड्या डोळ्यांनी गोल फिरताच त्याला भोवळ आली. त्यानं गायीकडून झापडं बांधून घेतली. मग पाय मध्येच थांबू लागले, कारण मागे हाकणारा कुणी नव्हता. तेव्हा त्यानं असूड स्वतःच्याच तोंडात धरला. मान झटकली की वादी पाठीवर बसे आणि पाय चालू लागत. तेल राजवाडाच नेई, राजवाड्याच्याच मापानं. मागे पेंड उरे, ती गोठ्यातल्यापेक्षाही कमी.

तिकडे त्याच्या खुंट्याला दुसऱ्याच कुणाचं वासरू बांधलं गेलं. ते कळल्यावर गाय दिवसभर काही खाईना.

संध्याकाळी हरण्यानं झापडं सरकवली आणि कुंपणापलीकडे डोकावून पाहिलं. गायही शेजारी येऊन उभी राहिली. पलीकडे भिंगऱ्या फिरत होता. बरगड्या वर आलेल्या, डोळ्यांवर झापडं, पाठभर वळ, आणि तोंडात असूड.

"अगं बाई, याचीही तीच गत!" गाय कळवळून म्हणाली. "अहो, आता आपल्या वासरानं उभं कुठे राहायचं?"

हरण्याची नजर हलेना. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

"त्याचा असूड बघ," तो म्हणाला. "रेशमी गोंडा आहे त्याला."