मेरुमणी आणि ती शिवी

फार जुनी गोष्ट आहे. माळ तुळशीची होती की चंदनाची, हे आता खात्रीने सांगवत नाही. पण अंबूताई रोज सकाळी तिच्यावर जप करत, एवढे नक्की. बोटे एकेक मणी ओढत मेरुमण्यापाशी येत आणि त्याला न ओलांडताच माघारी फिरत. मेरुमणी जपात मोजायचा नाही, अशी रीतच आहे.

एकदा ऐन जपात दोन्ही भाचे लाडवांचा डबा रिकामा करताना सापडले. "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं," अंबूताई कडाडल्या, "दोघंही एकाच माळेचे मणी."

माळेत कुजबुज सुरू झाली. "लाडू खाल्ले त्यांनी आणि नाव आपलं," एक मणी फणकारला.

"त्या शिवीत मीही आलो का हो?" मेरुमण्याने भीतभीत विचारले.

"तुम्ही कशाला? तुम्हाला मोजतंय कोण?" शेजारचा मणी हसला. "सुटलात की."

मेरुमण्याला सुटल्याचा आनंद काही होईना. आपल्याला मानाने वर बसवले आहे की नुसतेच बाहेर ठेवले आहे? शिवी लागली नाही म्हणून हसावे, की तीही वाट्याला आली नाही म्हणून रडावे? त्याला उमजेना.

कित्येक वर्षांनी दोरा झिजून तुटला आणि माळ पुन्हा ओवायला पटवेकऱ्याकडे गेली. इतर मण्यांतून त्याने दोरा एकदाच नेला. मेरुमण्यातून मात्र दोन्ही टोके ओढून घेतली आणि माळेची गाठ त्याच्याच डोक्यावर मारली.