पूर्वेचा पट्टा

“पण उस्ताद, डिझेलपंप दोनदा उघडून बसवला. आता दोष उरलाच कुठे?”

उज्ज्वला बच्छाव चिंधीला हात पुसत विचारत होती. समोर यमुनाकाकूंचा ट्रॅक्टर मांजर घुरघुरावं तसा एकसुरात चालत होता.

हनीफ उस्तादांनी बशीतला चहा फुंकला. तालुक्याच्या व्यवसाय शिक्षण महाविद्यालयात ते तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्ती शिकवत होते. उज्ज्वलेसारखा इंजिनाचा कान असलेली पोर त्यांना तीस वर्षांत मिळाली नव्हती. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला मात्र ते ठाऊक होतं.

“तू सांग,” उस्ताद म्हणाले.

“दोष नाहीच. काकूंनाच चालवता येत नसेल.”

काकू वर्कशॉपच्या दारातच उभ्या होत्या.

“पोरी, वीस वर्सं चालवतेय,” त्या हळूच म्हणाल्या. “कांद्याचं रोप उपटून ठेवलंय. बाया उद्या येतील. तिकडं पूर्वेला गेलं की हा धूर…”

“काळा धूर ना? मग डिझेल फवारणारं नोझल बघते,” उज्ज्वलेनं पाना उचललासुद्धा.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“पाना राहू दे. चल, शेतावर जाऊ.”

“शेतावर?” उज्ज्वला हसली. “ते कृषीवाल्यांचं काम, उस्ताद. गवतवाल्यांचं.”

कॉलेजात ट्रॅक्टरचा विभाग आणि कृषीचा विभाग यांच्यामध्ये एक तारेचं कुंपण होतं. ‘गवतवाले’ हे नाव उज्ज्वलेनंच पाडलेलं. पलीकडच्या मगन कुवरनं ते ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तो कुंपणाकडे पाठ करूनच वाफे खुरपायचा.

काकूंनी ट्रॅक्टर शेताकडे काढला. उस्ताद मागोमाग चालू लागले.

शेतात पोचल्यावर काकूंनी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर खाली जमिनीत सोडला. पश्चिमेकडून निघालेला ट्रॅक्टर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. पूर्वेच्या पट्ट्यात शिरला, आणि इंजिन कण्हू लागलं. धुराच्या नळीतून काळा लोट. दहा पावलांवर बंद.

उज्ज्वला धावली. झाकणाला हात घालणार, तोच मागून आवाज आला.

“बेटा, बूट काढ.”

“काय?”

उस्तादांनी स्वतःच्या चपला बांधावर काढल्या होत्या. साठीचा माणूस अनवाणी ढेकळांतून चालत होता, पुन्हा पुन्हा थांबत होता… जसा तो वर्कशॉपात इंजिनाला कान लावून थांबायचा.

उज्ज्वलेनं नाराजीनं बूट काढले. पश्चिमेला पाय घोट्यापर्यंत रुतले. पूर्वेला आली, तशी ती दचकली. वरची माती मऊ होती, पण टाच खाली आपटत होती. फरशीवर गादी अंथरावी, तसं.

उस्तादांनी सोबत आणलेली लोखंडी सळई तिच्या हातात दिली. पश्चिमेला ती हातभर आत गेली. पूर्वेला चार बोटं गेली, आणि टणकन थांबली.

उज्ज्वलेनं दुसरीकडे रोवली. टण. तिसरीकडे. टण.

“काकू…” तिनं सळई उपसली. “इथून काय जायचं?”

“तेच तर सांगत होते, पोरी. औंदा रान ओलं असताना उसाच्या ट्रॉल्या हितूनच गेल्या. महिनाभर.”

उज्ज्वला सळईकडे बघत राहिली. दोन दिवस तिनं एका निरोगी इंजिनाचं पोट फाडलं होतं.

“ओझ्यानं दबलेला हा थर कशानं फुटतो, उस्ताद?”

“मला काय विचारतेस? मी पानेवाला माणूस.”

ती समजली. अनवाणीच कॉलेजकडे निघाली. कुंपणापाशी पोचली तेव्हा मगन नेहमीसारखा पाठमोरा होता.

“मगन…” तिनं कुंपणाची तार धरली. “काकूंच्या रानात खाली घट्ट थर झालाय. यंत्र आमचं ठीक आहे. पण जमिनीतलं मला काही कळत नाही.”

मगन वळला. तिच्या मातीनं भरलेल्या अनवाणी पायांकडे त्यानं पाहिलं.

“आमच्याकडं एका फाळाचा खोल नांगर आहे,” तो म्हणाला. “जुना आहे. पण जातो खाली.”

दुपारभर त्यांनी पूर्वेचा पट्टा फोडला. ट्रॅक्टर उज्ज्वला चालवत होती. फाळ किती खोल घालायचा ते मगन हातानं खुणावत होता, आणि ती मुकाट ऐकत होती. त्यानंतर रोटाव्हेटर फिरला. इंजिन एकदाही कण्हलं नाही. काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि रोपाच्या पाट्यांवर पुन्हा पाणी शिंपडलं. उद्या बाया आल्या की लावणी होणार होती.

उन्हं कलली. उज्ज्वला बांधावर उस्तादांपाशी येऊन उभी राहिली.

“उस्ताद, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?”

“हं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

उस्ताद वाकले. तिचे बूट त्यांनी उचलले, एकावर एक आपटून माती झाडली आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरले.

ती शरमून मागे सरली. “उस्ताद, हे काय…”

“सांगितलं असतं, बेटा, तर हे काढले असतेस?”