फाइलीतले पाय

आमच्या गावात डॉक्टर दातीरांचा मोठा दबदबा. एका पेशंटला दीड मिनिट, त्याच्यावर नाही. घोलपबाई अकरा वर्षं त्यांच्याकडून शुगरच्या गोळ्या घेत होत्या.

त्या सकाळी बाईंना मोज्याच्या तळाशी रक्ताचा डाग दिसला. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती बसली. त्यांच्या भावाचा पाय असाच, न दुखता गेला होता.

"डॉक्टर, जरा पाय बघता का?"

"उगाच शंका काढू नका. तुमचं सगळं माझ्या फाइलीत आहे," डॉक्टर मान वर न करता म्हणाले आणि त्यांनी नेहमीसारखं लिहिलं, 'पाय ठीक'.

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. "मग फाइलीत बघून सांगा, माझ्या कुठल्या पायाला सहा बोटं आहेत?"

डॉक्टरांनी पानं उलटली. अकरा वर्षं नुसतं 'पाय ठीक'. दाराशी बसलेले पेशंट कान देऊन ऐकत होते. शेवटी डॉक्टर उठले, बाईंसमोर खाली बसले आणि त्यांनी दोन्ही मोजे उतरवले.

"पाचच तर आहेत दोन्हींना," ते चिडून म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "आता वाकलाच आहात, तर तळव्याची जखमही बघून घ्या."