नाव तोडू नका

नदीकाठच्या एका गावात होडी उलटून माणसं गेली. त्यांची नावं नगरपालिकेच्या दिव्यांच्या फलकावर यायची होती. फलकाचा प्रोग्राम लिहायला घेतला इरावतीने. तिचा धाकटा भाऊ अमरही बुडालेल्यांत होता. तिने साधाच नियम घातला: शब्द ओळीत मावला नाही, तर तो अख्खा खालच्या ओळीवर न्यायचा.

नगराध्यक्ष अविनाशरावांना उजवीकडची मोकळी जागा खुपली. "ओळी काठोकाठ भरा. शब्द तुटला तर तुटला!"

तिने नियम बदलला. चाचणीत भावाच्या नावातला 'अ' वरच राहिला, आणि खाली नुसतं 'मर' उमटलं. आईने पदर तोंडाला लावला.

"अक्षरं तर सगळी आहेत ना?" नगराध्यक्ष म्हणाले.

इरावतीने डोळे पुसले आणि फलकावरचं उद्घाटक म्हणून त्यांचंच नाव ओळीच्या टोकाशी सरकवलं. 'अ' वर राहिला. खाली झळकलं 'विनाशराव'.

"हे काय?" नगराध्यक्ष उसळले.

"अक्षरं सगळी आहेत, साहेब."

साहेबांची मान खाली गेली. "पहिलाच नियम ठेवा."

अमर अख्खा खालच्या ओळीत आला. आईने फलक दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारलं, "एवढाच आला का गं माघारी?"