सरकारांना दिसलेली अक्षरं

“सरकार, हा लॅपटॉप परत घ्या!”

सगुणा कोष्टीने नवाकोरा लॅपटॉप गादीसमोर ठेवला आणि दुकानातले सगळे वळून बघू लागले. दौलतराव सरकारांकडे विकलेली वस्तू परत आणायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. त्यांच्या आजोबांची जहागीर केव्हाच गेली होती. नातवाने दरबार तेवढा सोडला नव्हता. टीव्ही-फ्रिजच्या शोरूममध्ये मधोमध त्यांची गादी, गादीवर लोड-तक्के आणि भोवती माना डोलावणारे नोकर!

“परत? का म्हणून?” सरकार गरजले. “अख्ख्या तालुक्यात असली स्क्रीन नाही! तू मोर बघितलास ना?”

मोर सगळ्यांनीच बघितला होता. नव्या स्क्रीनवर नाचणाऱ्या मोराची फिल्म दुकानात दिवसभर चाले. पिसाऱ्याचा तंतू न् तंतू दिसे! लोक हरखत आणि लॅपटॉप घेऊन जात. घरी गेल्यावर कळे, की आपलं मोराशी काही काम नाही.

“मोर झकासच आहे, सरकार. पण मी साड्यांचे काठ काढते. माझं नक्षीचं सॉफ्टवेअर जुनं. या स्क्रीनवर त्याची अक्षरं राजगिऱ्याएवढी दिसतात आणि काही केल्या मोठी होत नाहीत! जुना कॉम्प्युटर तुम्हाला बदल्यात देऊन बसले. लग्नाच्या साड्या मागावर अडल्यात.”

तिच्या मागून फोटोग्राफर हसनभाई पुढे झाले. “माझी वेगळीच तऱ्हा! नवरीचे फोटो दाखवले, तर पावडरचा थर न् थर दिसला. नवरीची आई म्हणते, ही आमची मुलगीच नव्हे!”

“आणि मी,” निवृत्त खरोटे मास्तर म्हणाले, “फाइल उघडायला गेलो आणि पुसून बसलो. ‘उघडा’ आणि ‘पुसा’, दोन्ही शब्द मुंगीएवढेच!”

“दोष तुमच्या डोळ्यांत आहे, स्क्रीनमध्ये नाही!” सरकारांनी मांडीवर थाप मारली. “मी सत्तरीला आलो, पण आमच्या घराण्यात अजून चष्मा शिरलेला नाही!”

हे खरंच होतं. चष्मा शिरला नव्हता. वर्तमानपत्र मात्र रोज दिवाणजी वाचून दाखवत. मालकाने वाचायचं नसतं, ऐकायचं असतं, असं सरकार म्हणत.

“मग ही अक्षरं तुम्हाला दिसतात?” सगुणाने विचारलं.

“लख्ख दिसतात! ऐक पोरी, ‘अक्षरं दिसत नाहीत’ हे शब्द माझ्या तोंडून वदवून दाखव. तिघांचेही लॅपटॉप परत घेईन! गुरुवारी बाजार आहे, चारचौघांत होऊन जाऊ दे. नाही जमलं, तर दिवाळीपर्यंत माझ्या दारात उभी राहून या स्क्रीनची तारीफ करायची. बोल, कबूल?”

“कबूल!” सगुणा बोलून गेली.

घरी वडिलांनी कपाळाला हात लावला. “अगं, त्यांनी तोंडच उघडलं नाही तर? दिवाळीपर्यंत तू तिथे उभी, मग काठ कोण काढणार?”

सगुणा लॅपटॉप उघडून नुसती बघत बसली. जेवायला हाक आली, तरी उठेना. मग एकाएकी तिने नक्षीचं सॉफ्टवेअर सोडून, अक्षरं हवी तेवढी करता येणाऱ्या साध्या फाइलमध्ये पाच शब्द टाइप केले, राजगिऱ्याएवढे बारीक केले आणि स्वतःशीच हसली.

गुरुवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगुणा मान खाली घालून आली. पोरीने हार खाल्ली, हे लोकांना तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. सरकारांनाही दिसलं. ते खुलले.

“काय, जमतंय का?”

“सरकार, तुमच्यापुढे आमचं काय चालणार? या स्क्रीनबद्दल तुमच्याच नावाने एक वाक्य लिहून आणलंय. जमलेल्या मंडळींना एवढंच सांगा, ते खरं आहे की खोटं.”

तिने लॅपटॉप पुढे केला. पांढऱ्याशुभ्र स्क्रीनवर काळ्या मुंग्यांची एक रांग! सरकारांनी डोळे बारीक केले. वाकून बघावं, तर सगळा बाजार बघतोय! ते ताठ बसले. माझ्या दुकानात, माझ्या नावाने, माझ्या मालाबद्दल ही दुसरं काय लिहिणार?

“खरं! अगदी शंभर टक्के खरं!” ते कडाडले. “माझ्या मनातलंच लिहिलंस, पोरी!”

“मग सर्वांनाही वाचता येऊ दे,” म्हणत सगुणाने अक्षरं मोठी केली. मोठी, आणखी मोठी, लाडवाएवढी! सरकारांना इतक्या दिवसांनी अक्षर लागलं होतं. त्या आनंदात ते खणखणीत आवाजात वाचत गेले, “मला… ही… अक्षरं… दिसत नाहीत!”

वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

मास्तरांना ठसका लागला, हसनभाईंनी तोंड फिरवलं आणि अख्खा बाजार खदखदून हसला!

“थांबा!” सरकार ओरडले. “मी खरं म्हणालो म्हणून सापडलो! खोटं म्हणालो असतो तर?”

“तर अक्षरं तुम्हाला दिसतात, असं ठरलं असतं,” सगुणा म्हणाली. “मग मी म्हटलं असतं, सरकार, दिसतात ना? तर एकदा मोठ्याने वाचून दाखवा!”

सरकारांनी ते वाक्य मनातल्या मनात वाचून पाहिलं. दिसलं तरी तेच शब्द, न दिसलं तरी तेच! त्यांची मिशी थरथरली. मग पोट हललं आणि सरकार लोडावर मागे कोसळून असे हसले, की दिवाणजी पाणी घेऊन धावले.

“दिवाणजी! तिघांचे लॅपटॉप परत घ्या आणि हिचा जुना कॉम्प्युटर आधी घरी पोचवा! शिवाय त्या भिंतीवरची सगळ्यात मोठी स्क्रीन काढा, ती हिला माझ्याकडून बक्षीस! आणि तो मोर बंद करा. आजपासून गिऱ्हाइकाला आधी अक्षरं दाखवायची!”