गुणाजीची सलामी

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा क्लॅरिनेटवाला होता. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. वाजवायचा गोड, पण डोकं म्हणाल तर सांगाल तेवढंच चालायचं.

शेजारच्या वाडीतल्या केशरवर त्याचा जीव जडला होता. केशरचा बाप केरबा म्हणाला, "वरातीत वाजवणाऱ्याला पोरगी देणार न्हाई. फौजेच्या बँडात जा, वर्दी घाल, मग बोलू."

गावात शिदोबा हवालदार होते. फौजेच्या बँडातूनच निवृत्त झालेले. गुणाजी त्यांच्याकडे शिकायला गेला.

हवालदार म्हणाले, "क्लॅरिनेटची फुंकायची पत्ती आधी तोंडात धरून ओली करावी. कोरडी पत्ती चिरकते."

गुणाजीने पत्ती तोंडात धरली. ती सुकू नये म्हणून जेवायलाही काढली नाही. केरबा घरी आला. "बरं हाय ना?" म्हणाला. गुणाजी गप्प. "फौजेचं कुठवर आलं?" गुणाजी गप्पच. पोरगा मुका झाला म्हणून केरबा हळहळत परत गेला.

हवालदारांनी कपाळावर हात मारला. "काय केलंस रं?"

"तुमी सांगितलं तेच."

"अरे, मोठं माणूस बोललं की तोंडातलं काढायचं आन् 'होय साहेब' म्हणायचं!"

"बरं."

संध्याकाळी वरात होती. नवऱ्याचा मामा ओरडला, "जोरात वाजव!" गुणाजीने क्लॅरिनेट तोंडातून काढली. "होय साहेब."

"आता वाजव की!"

गुणाजीने तोंडाला लावलेली क्लॅरिनेट परत काढली. "होय साहेब."

"अरे, बंद का करतोस?"

"होय साहेब."

मामाचा घसा बसला. घोडी कंटाळून नवरदेवासकट घरी निघून गेली.

हवालदारांनी कपाळावर हात मारला. "काय केलंस रं?"

"तुमी सांगितलं तेच."

"वाजवताना कुणी कायबी बोलू दे, थांबायचं न्हाई. समोरच्याचा हात वर गेला की सुरू, हात खाली आला की बंद!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. पाण्याच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. गुणाजीने सूर लावला.

हवालदारांनी पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे, गावाचा हात न्हवं! वर्दीतल्या साहेबांचा हात!"

"बरं."

मग भरतीचा दिवस उजाडला. हवालदार जुनी टोपी घालून सोबत गेले. पोरगा मुका नाही हे कळल्यावर केरबाही येऊन छावणीच्या फाटकाशी उभा राहिला. गुणाजीने असं वाजवलं, की साहेब खूश झाले. म्हणाले, "निवड पक्की. आता फक्त झेंड्यासमोर सलामीची धून वाजव. मग कागदावर सही करतो."

साहेबांनी सलामीला हात वर नेला. गुणाजीने धून सुरू केली.

आता फौजेची रीत अशी, की सलामीची धून थांबेपर्यंत हात खाली आणायचा नाही. आणि गुणाजीची शिकवण अशी, की साहेबांचा हात खाली येईपर्यंत धून थांबवायची नाही.

धून संपली. गुणाजीने ती पहिल्यापासून धरली. वरातीत वाजवणारा गडी, दम कसला लागतोय! ऊन चढलं. साहेब हात न हलवता म्हणाले, "बस कर!" कुणी कायबी बोलू दे, गुणाजी थांबला नाही. साहेबांनी डोळे वटारले. गुणाजीचं लक्ष हातावर.

हवालदारांना कपाळावर हात मारायचा होता. पण हात आधीच तिथे होता. तेही सलामीत उभे होते.

दुपार टळली. फाटकाशी केरबाने पहारेकऱ्याला विचारलं, "काय हो, जावई फौजेत लागला का?"

"लागला म्हणायचा," पहारेकरीही सलामीतूनच म्हणाला. "साहेबांची सही तेवढी राहिलीय."